कडीच्या जोरावर बसलेलं दार

घरी बांधायच्या छोट्या विमानाचा विषय निघाला की बाहेरच्या माणसाचे प्रश्न इंजिनाचे असतात, नाहीतर पंखांचे. बांधणाऱ्याच्या रात्री मात्र दारापायी जातात. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं आरव्ही-१० हे चार आसनी विमान घ्या. २००३ पासून त्याचे सुटे भाग खोक्यांतून जगभर जातात आणि माणसं ते आपल्या गॅरेजात, शेडमध्ये जोडतात. विमानाचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं. छिद्रं कारखान्यातच पाडलेली असतात, छिद्राला छिद्र जुळलं की भाग आपसूक सरळ बसतो. डोक्यावरचं छत आणि दोन्ही बाजूंची दारं मात्र काचतंतू आणि रेझिनची. दाराच्या बिजागऱ्या वर छताला असतात आणि दार वरच्या अंगाला उघडतं. ते एकसंध मिळत नाही. एक आतलं कवच, एक बाहेरचं. दोन्ही बांधणाऱ्यानेच कातरायची, घासायची आणि कापसाच्या तंतूंची भर घातलेल्या इपॉक्सीने एकमेकांना चिकटवायची. चिकटताना ती ज्या आकारात धरून ठेवली, तोच दाराचा कायमचा आकार. इथे आकार जुळवून देणारं तयार छिद्र नाही, आणि पीळ शिरतो तो इथेच.

असं पीळ पडलेलं दार चौकटीत ठेवून जवळून बघावं. वरची कड बिजागऱ्यांपाशी नीट बसलेली असते, पुढचा खालचा कोपराही बसतो, आणि मागचा खालचा कोपरा तीन-चार सूत बाहेर उभा राहतो. त्यावर अंगठा ठेवून दाबलं तर तो मुकाट आत जातो, चौकटीशी समतल होतो, फट नाहीशी होते. अंगठा काढला की पुन्हा बाहेर. ह्यामागे कुणाचा आळस असतोच असं नाही. रेझिन घट्ट होताना आकसतं, काचेचा धागा आकसत नाही. त्यामुळे कवच जाडीच्या दिशेने जास्त आकसतं आणि लांबी-रुंदीत कमी. साच्यातून निघालेल्या कवचाचे कोपरे म्हणूनच साच्यापेक्षा थोडे अधिक मिटलेले निघतात. त्यात दोन कवचं एकमेकांना ओढतात. त्यात उष्णतेची भर. खोलीच्या तापमानाला घट्ट केलेलं इपॉक्सी, जातीप्रमाणे कमीजास्त, साधारण ६० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास नरम पडू लागतं, आणि गडद रंगाचा पृष्ठभाग भर उन्हात तेवढा तापणं अवघड नाही. विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या १९७० च्या दशकातल्या काचतंतूंच्या विमानांपासून अशी विमानं पांढरी रंगवण्याचा दंडक पडला, तो ह्याच भीतीने. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलेलं दार एका उन्हाळ्यात स्वतःच्याच वजनाने नवा आकार धरू शकतं.

आता मोह कसा पडतो तो बघा. अंगठ्याने दार बसतं हे दिसलेलं असतं. दाराला हँडल आहे, हँडल फिरवलं की दातेरी पट्ट्यांवरून दोन पिना सरकतात, एक पुढे आणि एक मागे, आणि चौकटीतल्या भोकांत शिरतात. मग अंगठ्याचं काम पिनेवर सोपवलं तर काय बिघडलं? पिनेचं टोक जरा निमुळतं करायचं, भोक जरा आतल्या बाजूला घ्यायचं, म्हणजे पीन शिरता शिरता कोपऱ्याला आत ओढून घेईल. बाहेरून बघणाऱ्याला फट दिसणार नाही, रंगही सुरेख बसेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हे करू नये. कडीचं काम बसलेलं दार बसलेलं ठेवणं. न बसणाऱ्या दाराला बसवणं हे तिचं काम नव्हे. ज्या दिवशी आपण ते तिच्या गळ्यात घालतो, त्या दिवशी दाराचा दोष नाहीसा होत नाही. तो दिसेनासा होतो आणि सगळ्यात नाजूक जागी जाऊन बसतो.

ह्याला हिशेबाचा आधार आहे. विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने जात असेल तर समुद्रसपाटीच्या हवेत त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४३० किलो वजनाएवढा होतो. छताच्या आणि बाजूंच्या फुगीर भागावरून हवा आणखी जोरात वाहते, म्हणून तिथे बाहेरचा दाब उतरतो आणि दार बाहेर ओढलं जातं. ही ओढ त्या ४३० च्या पावपट धरली आणि दाराचं क्षेत्र अर्धा चौरस मीटर धरलं, तरी पन्नास किलोच्या वर भार होतो. नीट बसलेल्या दाराच्या पिनांना त्यातला आपला वाटा तेवढाच पेलायचा असतो. पीळ मारून बसवलेल्या दाराची पीन जमिनीवर उभ्या विमानातही भार घेऊन असते, आणि हवेची ओढ त्याच्यावर पडते. दोन्ही एकाच दिशेने, बाहेर. शिवाय पीन तिरक्या दाबाखाली सरकवायची तर हँडल जड जातं. जड हँडल अर्धवट फिरलेलं राहू शकतं, आणि अर्धवट फिरलेलं हँडल नेहमीच्या जडपणाला सरावलेल्या हाताला पूर्ण फिरल्यासारखं वाटतं. आरव्ही-१० ची काही दारं उड्डाणात उघडून उडून गेली आहेत. पुढे कंपनीने जादा सुरक्षा-कडी पुरवली, आणि पिना जागेवर गेल्या की नाही ते दाखवणारे दिवे पॅनेलवर आले. दोन्ही चांगलंच झालं. पण दिवा सांगतो तो पीन पोचली की नाही एवढंच. ती किती ओझं घेऊन बसली आहे, हे तो सांगत नाही. फटीचा प्रश्नही नुसत्या शिट्टीचा आणि पावसाच्या थेंबांचा नसतो. उडताना केबिनमधला दाब बऱ्याचदा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, आणि उघड्या फटीतून इंजिनाचा धूर आत ओढला जाऊ शकतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कुणी म्हणेल, एका कोपऱ्याच्या तीन-चार सुतांसाठी एवढं कशाला ताणायचं? मोठ्या विमानांच्या इतिहासात ह्याचं उत्तर आहे आणि ते फार महाग पडलेलं आहे. १२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं मागचं सामानाचं दार कॅनडातल्या विंडसर शहरावर असताना उडून गेलं. जमिनीवर दार बंद करणाऱ्या कामगाराला हँडल जड गेलं होतं, आणि त्याने गुडघ्याचा जोर लावून ते खाली बसवलं होतं. आतले अडसर पूर्ण लागलेच नव्हते; जोडणीचा दांडा वाकला आणि हँडल मात्र बंद जागेवर गेलं. वैमानिकांच्या कौशल्याने सगळे वाचले. पुन्हा तसं होऊ नये म्हणून दुरुस्ती ठरली, पण सक्तीचा आदेश न काढता सामंजस्यावर भागवलं गेलं. ३ मार्च १९७४ रोजी टर्किश एअरलाइन्सचं तसंच विमान पॅरिसहून निघाल्यावर काही मिनिटांत तशाच दारामुळे एर्मेनोंव्हिलच्या जंगलात कोसळलं आणि ३४६ माणसं गेली. त्या विमानावर आधाराची पट्टी बसवल्याची नोंद कागदावर होती, विमानावर पट्टी नव्हती. आक्षेप घेणारा म्हणेल, ते हवेच्या दाबाने भरलेलं अजस्र विमान, इथे चार माणसांचं दाब नसलेलं यंत्र, तुलना बरोबरीची नाही. भाराच्या बाबतीत नाहीच. पण चुकीची जात एकच आहे. दोन्हीकडे हँडलची जागा हाच दार लागल्याचा पुरावा मानला गेला, आणि ते हँडल जोराने त्या जागेवर नेता येत होतं. जोराने मिळवलेला पुरावा खोटा असतो, मग विमान तीनशे माणसांचं असो की चार.

ह्या म्हणण्याची परीक्षा विमानांपासून दूर, काशीच्या पंचगंगा घाटावर घेता येते, आणि मला ती परीक्षा महत्त्वाची वाटते, कारण तिथे उलटा पुरावाही हाताशी आहे. घाटाच्या माथ्यावर आलमगीर मशीद आहे. बेणीमाधवाचा धरहरा हे तिचं लोकांतलं नाव. बिंदुमाधवाचं जुनं देऊळ होतं त्या जागी औरंगजेबाच्या काळात ती उभी राहिली. आजचं बिंदुमाधवाचं मंदिर शेजारीच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, आणि अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभही ह्याच घाटावर. मराठी माणसाला हा घाट परका नाही. मशिदीला दोन मिनार होते. अंगणापासून सुमारे १४७ फूट उंच आणि बुंध्याशी व्यास सव्वाआठ फुटांच्या आसपास, म्हणजे जाडीच्या जवळजवळ अठरा पट उंची. मोजणाऱ्यांना ते ओळंब्यापासून १५ इंच ढळलेले आढळले. १८२० च्या दशकात बनारसच्या टांकसाळीत असलेल्या जेम्स प्रिन्सेपने, ज्याने पुढे ब्राह्मी लिपी उलगडली त्यानेच, पडायला आलेले हे मिनार सावरण्यात हात लावला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ते उभे होते. १९४८ च्या पुरात एक कोसळला, काही माणसं दगावली, आणि दुसरा धोक्याचा म्हणून उतरवला गेला. असल्या मिनाराला माथ्याशी दोर बांधून ओळंब्यात ओढता येत नाही. माथा ढळतो, पण ढळण्याचं कारण पायाशी असतं, आणि गंगेच्या काठी पायाखालची माती दर पावसाळ्यात नदीच्या ताब्यात जाते. दोष जिथे दिसतो तिथे दुरुस्ती केली तर ती फक्त दिसण्याची दुरुस्ती होते.

पण त्याच काठाने दक्षिणेकडे चालत गेलं की शिंदे घाट आणि मणिकर्णिकेच्या मधल्या अंगाला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ लागतं, आणि ते सुमारे ९ अंश कललेलं आहे. पिसाचा मनोरा आज ४ अंशांच्या आसपास आहे. रत्नेश्वराचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात असतो, तरी देऊळ उभं आहे. मग वाकडं म्हणजे धोक्याचं, हे कुठे राहिलं? हा आक्षेप खरा आहे आणि माझं म्हणणं त्यामुळे अधिक नेमकं करावं लागतं. वाकडेपणा हा मुळात धोका नव्हे. रत्नेश्वर कललं ते सबंध कललं, जसं बसलं तसंच टेकलं. त्याला कुणी बळाने सरळ धरून ठेवलेलं नाही, म्हणून ते कलणं सोडवून घ्यायला कोणतं बळ आत वाट बघत नाही. ठेंगणं आणि रुंद असल्याचा फायदा त्याला मिळाला तो वेगळा; मिनारांना तो नव्हता. धोका आहे तो सरळ धरून ठेवलेल्या वाकडेपणात. पंचगंगेवर कार्तिकात आकाशदिवे लावतात. उंच वेळूच्या टोकाला दोरीने टोपली चढवायची, आत दिवा. टोपली चढली की वेळू वाकतो, उतरवली की पुन्हा सरळ. अंगठ्याखाली गेलेला दाराचा कोपरा हा असा भाराखाली वाकलेला वेळू आहे. चौकटीत तो सरळ दिसतो, पण सुटला की जिथे जायचं तिथे जाणार. चौकटीनुसार थोडं वाकडं, पण आपल्या अंगाने बसलेलं दार मला चालेल. सरळ दिसणारं आणि सुटायला बघणारं दार चालणार नाही.

यंत्रशास्त्र जाणणारा आणखी एक मुद्दा काढेल आणि तो सगळ्यात वजनदार आहे. बळाने बसवलेल्या भागांनीच तर जग चालतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती थंड होऊन आवळते, म्हणूनच चाक टिकतं. सायकलचे आरे ताणलेले नसतील तर चाक एका खड्ड्यात बसेल. इंजिनाचे बोल्ट ठरलेल्या ताणापर्यंत आवळतात, आणि तो ताण नसेल तर ते सैल होऊन तुटतात. मग दाराच्या पिनेवर थोडा ताण असला तर काय? फरक असा, की धावेत, आऱ्यांत, बोल्टांत ताण योजलेला असतो. किती हवा ते ठरलेलं असतं, मोजायचं साधन असतं, आणि तो पेलण्यासाठीच तो भाग घडवलेला असतो. दाराच्या पिनेतला ताण कुणी योजला नाही, कुणी मोजला नाही, आणि तो उन्हागणिक बदलतो. सकाळी एक, दुपारी रेझिन तापल्यावर दुसरा. शिवाय चाकाला छत्तीस आरे असतात, एक तुटला तर बाकीचे सांभाळतात. इथे कोपऱ्याला एक पीन.

राहिला व्यवहारी माणसाचा प्रश्न: वाकडं दार टाका आणि नवं मागवा, किंवा विमान कारखान्याचंच घ्या. कारखान्याचं विमान घेणं वाईट नाही. पण नवं दार आलं तरी तीच दोन कवचं पुन्हा आपल्यालाच चिकटवायची असतात, आणि ज्या चौकटीत ते बसायचं ती चौकटही आपणच कातरलेल्या छताची. पीळ दारात आहे की चौकटीत, हे न तपासता मागवलेलं दार तितकंच वाकडं बसायची शक्यता मोठी. घरी विमान बांधण्याला परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या नियमात हेच गृहीत आहे. विमानाचा निम्म्याहून मोठा भाग बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी केलेला असला पाहिजे, अशी तिथली अट आहे. तिथे शिक्षण हा शोभेचा शब्द नाही. कारखान्यात साचे, भट्ट्या, तपासनीस असतात; घरी बांधणाऱ्याकडे त्यांच्या बदल्यात फक्त कारण शोधण्याची चिकाटी असते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची चाचणी-उड्डाणं झाली. गच्चीवर बांधायला लागलेल्या वर्षांइतकंच नोंदणीच्या वाटेचं कौतुक आणि चीड महाराष्ट्राने वाचलेली आहे. पण मला त्यातली एक गोष्ट कायम मोठी वाटत आली आहे: मुंबईच्या उन्हापावसात, साच्याशिवाय, भट्टीशिवाय प्रत्येक भाग स्वतः पडताळून घ्यावा लागणं. विमान कागदांवर अडलं म्हणून आपण हळहळतो ते योग्यच आहे. पण विमान कागदांनी उडतही नाही. तुर्की विमानावरची ती पट्टी कागदावर होतीच.

मग करायचं काय, हे सांगितल्याशिवाय हा वाद अपुरा राहील. आधी पिना, हँडल, सगळं काढून टाकायचं. दार नुसतं बिजागऱ्यांवर सोडायचं आणि कडेने फट मोजायची, आणि तीच मोजणी सकाळी गारव्यात आणि दुपारी उन्हात अशी दोनदा. मग चौकटीवर सरळ पट्टी आणि गुण्या लावून चौकट निर्दोष आहे की नाही ते ठरवायचं, कारण अर्ध्या वेळा गुन्हेगार ती निघण्यासारखी असते. पीळ दारातच असेल आणि थोडा असेल, तर दार पट्ट्यांनी बांधून, हव्या त्या आकारापलीकडे थोडं उलट वाकवून, रेझिन नरम पडेल इतकं सावकाश तापवायचं आणि बांधलेलं असतानाच पूर्ण गार होऊ द्यायचं. थोडं उलट वाकवायचं ते अशासाठी की सोडल्यावर काही भाग परत येतोच. दार धरून ठेवलेलं असताना ते गार झालं नाही तर सगळी मेहनत वाया जाते. घाई इथेच नडते. पीळ मोठा असेल तर उष्णतेवर विसंबू नये. आतल्या कवचाला ताणाच्या रेषेवर चीर द्यायची, दार मोकळं होऊन चौकटीवर स्वतःहून पडू द्यायचं आणि त्या जागी त्याच स्थितीत नवे काचतंतू चढवायचे. कडेला लांबी भरून फट बुजवणं हा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी कामाचा. एखाद्या सुतापर्यंत ठीक, त्यापुढे ती लांबी उडताना तडकते.

ह्यात वजन वाढतं, हा शेवटचा आक्षेप, आणि विमानात वजन म्हणजे पैसा आणि उंची दोन्ही. दोन थर नवा काचतंतू आणि त्याचं रेझिन काहीशे ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. पीळ ओढून धरायला जाड पिना, जादा कड्या, मजबूत चौकट लावायची तर वजन त्याहून सहज अधिक भरतं. काम झालं की नाही हे बघायची रीत साधी आहे. पिना पुन्हा बसवायच्या, दार खाली सोडायचं, आणि हँडल दोन बोटांनी फिरवून बघायचं. दोन बोटांना जड गेलं तर पिना परत काढायच्या आणि फट पुन्हा मोजायला बसायचं, रंगाचा डबा उघडायच्या आधी.